डेस्मंडची अर्धी रोझरी

भुताच्या पिक्चरमधली माणसं बिनडोक असतात. माझं हे मत फार जुनं आहे. नळाला लाल पाणी येतंय, भिंतीतून कुणी कण्हतंय, धाकट्या पोरीला झोपेत पाय धरून कुणीतरी पलंगाखाली ओढतंय, आणि आई काय करते, तर सकाळी उठून पॅनकेक. अगं बये, पोरं उचल, गाडीत बस आणि नीघ. तुमच्या गावात एखादं मोटेल नाही का?

मी हे टीव्हीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे आणि बाजूच्या रिक्लायनरमध्ये डेस्मंडचं पोट हसून हसून हलायचं. "ती निघाली तर पिक्चर संपेल ना लुसी," तो म्हणायचा. "मग तुझे पॉपकॉर्न कोण खाणार?"

ऑक्टोबरभर आमच्या घरी संध्याकाळचं हेच चालायचं. ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिक लोकांचा रोझरीचा महिना. तिकडे वसईत, आमच्या नंदाखालला, दिवेलागणीला घराघरातून प्रार्थनेचा आवाज यायचा. आळीतून चालत गेलं तर एका घरात सुरू झालेलं वाक्य पुढच्या घरात पुरं झालेलं ऐकू यायचं. आणि इथे, सातासमुद्रापार एटोबिकोला त्याच महिन्यात शेजारीपाजारी मेपलच्या झाडांना सांगाडे टांगतात, हिरवळीवर खोटी थडगी मांडतात. डेस्मंडला ते फार आवडायचं. मला रोझरी चुकवलेली चालायची नाही, त्याला पिक्चर. म्हणून या घरात आलो त्याच वर्षी आमचा करार झाला. आधी रोझरी, मग भूत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोझरी एकट्याने म्हणता येते, पण ती खरी दोघांची. माळेच्या मण्यावर एकाने 'नमो मरिये' अशी सुरुवात करून अर्धी प्रार्थना म्हणायची आणि दुसऱ्याने 'पवित्र मरिये' म्हणत उरलेली पुरी करायची. आमच्यात पहिला अर्धा भाग माझा, दुसरा डेस्मंडचा. त्याच्या भागात शेवटी मरणाच्या वेळेचा उल्लेख येतो. तिथे आला की हा हमखास घसा खाकरायचा, आणि मग आमेन असं लांबवायचा, जणू बस सुटलीय आणि हा मागून हाक मारतोय. मी म्हणायचे, "मरणाचं नाव आलं की तुझ्या घशात माशाचा काटा अडकतो का रे?" तो म्हणायचा, "दचकायला होतं गं." एरवी कुठल्या भुताला न घाबरणारा माणूस.

आणखी एक सांगून ठेवते. पिक्चर संपताना भुताची काहीतरी सोय लागते. विहिरीत हाडं सापडतात, कुणीतरी माफी मागतं, भूत उजेडात विरून जातं. मी त्या कुटुंबासाठी सुस्कारा सोडायचे. डेस्मंड भुताच्या बाजूचा. खुर्ची सरळ करून तो म्हणायचा, "चला, सुटला बिचारा." भूत बाईचं असलं तरी सुटला बिचाराच. हे आम्हा दोघांतलं. आमचा मुलगा डीन तोवर वर आपल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला असायचा. त्यालासुद्धा हे ठाऊक नाही.

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत डेस्मंड ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हलने उपसायला गेला. थोडं करून आत आला, बूट न काढता दारात उभा राहिला. "लुसी, आज... बर्फ... जड आहे," एवढं म्हणायला त्याला मध्ये मध्ये थांबावं लागलं. मी म्हटलं, राहू दे, डीन येऊन करेल. पण अर्धं काम टाकून बसणारा तो नव्हे. पुन्हा बाहेर गेला. मी किचनच्या खिडकीतून बघितलं तेव्हा शोव्हल बर्फात उभं होतं आणि तो आडवा होता.

त्यानंतर डीनने दोन गोष्टी केल्या. मी घरात एकटी नको म्हणून बेसमेंट भाड्याने दिलं. आणि दर रविवारी वॉनहून, त्याच्या घरून फोन लावून एकच पालुपद सुरू केलं. "मॉम, यू कान्ट डू अनदर विंटर अलोन. सेल द हाउस. कम लिव्ह विथ अस." मी म्हटलं, ऑक्टोबर जाऊ दे, मग सांगते.

बेसमेंटमध्ये आली अवंतिका. मूळची कराडची, इथे कॉलेजला शिकायला आलेली, उरलेल्या वेळात कॉफी शॉपमध्ये काम करणारी. पहिल्या दिवशी मला काकू म्हणाली. मी म्हटलं, आंटी म्हण, काकू म्हटलं की मला अंगावर नऊवारी आल्यासारखं वाटतं. जिन्याशी डेस्मंडचा फोटो आहे, त्याच्यापुढे ती थांबली. "हे अंकल का? हसरे आहेत."

"भारीच," मी म्हटलं आणि तिला कपडे धुवायचं मशीन दाखवायला खाली नेलं.

ऑक्टोबर लागला. एका संध्याकाळी कपडे टाकायला खाली गेले, तर ही बया खोलीतले सगळे दिवे लावून, नाकापर्यंत ब्लँकेट ओढून लॅपटॉपवर भुताचा पिक्चर बघत होती.

"एकटी बघतेस?"

"भीती वाटते म्हणून तर लाइट चालू ठेवलेत, आंटी."

"मग वर ये. घाबरायचंच तर मोठ्या टीव्हीवर घाबर."

तेव्हापासून शिफ्ट नसेल त्या दिवशी ती वर यायची. शहाणी पोर. माझी रोझरी चालू असताना कधी पाऊल टाकायची नाही. प्रार्थना संपली की जिन्यावर तिची चाहूल लागायची, हातात चिवड्याचा डबा. डेस्मंडची चादर घडी करून ठेवलेल्या रिक्लायनरवर ती कधी बसली नाही, सोफ्याच्या टोकाला बसायची. मला वाटायचं, केवढी समज आहे पोरीला.

आणि गप्पा. डेस्मंड गेल्यावर पहिल्यांदा मला पिक्चरवर भांडायला कुणी मिळालं. तिचं म्हणणं, इथली भुतं घरात घुसतात हेच चूक. "आमच्याकडे भूत चिंचेवर असतं. सगळ्या गावाला माहीत, तिकडे जायचं नाही. संपला विषय."

"इथे जानेवारीत चिंचेवर बसून दाखव म्हणावं त्याला," मी म्हटलं. "हीटिंग कुणाला नको?"

ती हसून हसून लोळली. मग गंभीर होऊन म्हणाली, भुतांचे दोन प्रकार आंटी. एक स्वतःहून येणारं, ते वाईट. आणि एक कुणीतरी बोलावलेलं. ते बिचारं येतं, कारण हाक मारल्यावर न येऊन कसं चालेल? मी म्हटलं, डेस्मंडलाही तीच दुसऱ्या प्रकारची आवडतात. मी असंच बोलते. आवडायची म्हणायला माझी जीभ वळत नाही.

रोझरीचंही तेच झालं होतं. मी माझा अर्धा भाग म्हणायचे आणि थांबायचे. त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ, खाकरण्यासकट. मग पुढचा मणी. त्याचा भाग मला येत नव्हता असं नाही, लहानपणापासून पाठ आहे. पण तो त्याचा होता. दाराशी त्याचे बूट होते, खुंटीला जॅकेट होतं, ड्राइव्हवेत गाडी होती, आणि रोझरीत त्याची जागा होती. ती जागा मी भरली की तो खरंच मेला, असं मला वाटायचं. म्हणून मी ती राखून ठेवली होती.

एकदा आम्ही तळ्याकाठच्या घराचा पिक्चर बघत होतो. अवंतिकाचं लक्ष नव्हतं. चिवड्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होती.

"आंटी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मी येते म्हणून अंकल उठून जातात का?"

"कुठून उठून जातात?"

"इथून. रोझरीला असतात ना ते. मी जिना चढून येईपर्यंत खुर्ची रिकामी असते. परक्या मुलीसमोर अवघडत असतील तर मी आपली खालीच बघेन. त्यांचं घर आहे, त्यांनी का उठायचं?"

मी पिक्चर थांबवायला रिमोट शोधू लागले. तो माझ्याच हातात होता.

"तुला त्याचा आवाज येतो?"

"व्हेंटमधून." तिने अल्ताराजवळच्या, म्हणजे आमच्या देवघराजवळच्या, जमिनीतल्या जाळीकडे बोट दाखवलं. तिथून फर्नेसची गरम हवा वर येते, आणि त्याच पाइपाचं दुसरं तोंड तिच्या खोलीच्या छतात आहे. "तुमचा आवाज बारीक येतो, त्यांचा स्पष्ट. तुम्ही अर्धं म्हणता, ते पुरं करतात. ऐकून ऐकून मला पाठ झालंय. मध्ये घसा खाकरतात ना, तेसुद्धा."

मला भीती वाटली का? वाटली. मानेवर कुणी गार ओला हात ठेवावा तशी. पण भीतीच्या आधी आनंद झाला, इतका की छातीत मावेना. आणि खरं सांगायचं तर त्या दोन्हींच्या आधी राग आला. इतकी वर्षं या माणसाचे मोजे मी धुतले, आणि हा बोलतो कुणाला ऐकू जाईल असं, तर भाडेकरणीला.

"नाही गं," मी तिला म्हटलं. "त्याला फार वेळ बसवत नाही. तू येत जा."

खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर पोरगी त्याच पावली बॅग भरून निघाली असती, आणि मग डेस्मंडला ऐकणारं या घरात कोण राहिलं असतं?

तिचा गैरसमज कसा झाला ते अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. फोटोला हार नव्हता. ती ज्या घरातून आली तिथे माणूस गेला की फोटोला हार चढतो. हार नाही म्हणजे माणूस आहे, आत कुठेतरी पेपर वाचतोय. आमच्यात काही घरांत घालतात, पण डेस्मंडच्या आईला ते खपायचं नाही. आम्ही मेणबत्ती लावतो, तीही नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. त्यात ते बूट, ते जॅकेट, ती गाडी. डीननेही बेसमेंट देताना तिला सांगितलेलं, माय पेरेंट्स हाउस. आणि त्यावर मी, डेस्मंडला अमुक आवडतं म्हणणारी. तिची काहीच चूक नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी कान त्या जाळीला लावून रोझरी म्हटली. गुडघे सोलले. गरम हवेखेरीज काही आलं नाही. मग युक्ती केली. माझा भाग फोनमध्ये रेकॉर्ड केला, फोन अल्तारावर ठेवला आणि अवंतिका कामाला गेलेली असताना तिच्या खोलीत व्हेंटखाली जाऊन उभी राहिले. वरून माझा आवाज आला, मग नुसती फर्नेसची घरघर, मग पुन्हा माझा आवाज. रेकॉर्डिंगला तो उत्तर देईना. माझ्याच बाबतीत तो असा काटेकोर.

म्हणून मग मी तिलाच विचारायचे. आज ऐकलंस? काय म्हणत होता? बरा होता आवाज? ती बिचारी कौतुकाने सांगायची, आज अंकल जरा घाईत होते, आज आमेन फारच लांबलं. आणि मी ते दिवसभर चघळायचे. रोझरी लांबवायला लागले. आजाऱ्यांसाठी मणी, प्रवाशांसाठी मणी, डीनच्या नोकरीसाठी मणी, जगात शांतता नांदावी म्हणून मणी. जेवढे मणी तेवढा तो बोलणार. रविवारी डीनचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, मी कुठेही येणार नाही, मला या घरातून आता खांद्यावरूनच बाहेर काढाल.

"मॉम, बी प्रॅक्टिकल," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. पिक्चरमधल्या बायकांना नीघ म्हणून ओरडणंही मी थांबवलं होतं. त्या का निघत नाहीत ते आता मला ठाऊक झालं होतं. घरात जे आहे ते त्यांना हवं असतं.

महिना संपत आला तेव्हा अवंतिकाने एक पिक्चर आणला. त्यात एका आईचा मुलगा गेलेला असतो. ती रोज जेवायच्या वेळी त्याचं ताट मांडते. एक दिवस तो येऊन बसतो. आई खूश. रोज वाढते, तो रोज येतो. पण बघणाऱ्याला दिसतं की पोरगा दर जेवणाला वाळत चाललाय. गालफडं बसतात, हात काटकुळे होतात, घास उचलवत नाही, तरी आई वाढतेच आहे आणि तो नाही म्हणत नाही.

"काय बाई आहे," अवंतिका म्हणाली. "त्याला कुणी विचारलं का, बाळा तुला भूक आहे का म्हणून? हिला ताट मांडायचंय म्हणून त्याने जेवायचं."

"आई आहे ती," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं?"

थोड्या वेळाने ती डबा बंद करत म्हणाली, "आंटी, अंकलना डॉक्टरकडे न्या हं. चार दिवस झाले, त्यांना दम लागतोय. आज तर शब्दाशब्दाला थांबत होते. काहीतरी जड उचलून आल्यासारखे. तुम्ही रोझरी जरा छोटी करा ना, त्यांना झेपत नाहीये."

माझ्या हातातला कप कलंडला. कॉफी गालिच्यावर सांडली, तो डाग अजून आहे.

मी तो श्वास ऐकला होता. दारात, बूट न काढता, 'आज... बर्फ... जड आहे.' तेव्हाही मी त्याला जाऊ दिलं होतं आणि किचनमध्ये चहा टाकला होता. आणि आता रोज संध्याकाळी मीच त्याला बाहेर काढत होते. माझा एक मणी म्हणजे त्याचं एक शोव्हल. मी अर्धी प्रार्थना म्हणून थांबायचे, आणि अर्धं काम टाकून बसणारा तो नव्हेच. मी जगाच्या शांततेसाठी मणी ओढत होते आणि माझा नवरा बर्फ उपसत होता.

रात्रभर मी छताकडे बघत पडले. डेस्मंडला थांबवायचा उपाय साधा होता, त्याची जागा दुसऱ्या कुणी घ्यायची. एवढंच. आणि तेच मला नको होतं. मला तो हवा होता, दम लागलेला तर दम लागलेला. इतकी मी आपमतलबी आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड रंगवलं असतं.

एकतीस तारखेला संध्याकाळी गल्लीतली पोरं चॉकलेटं मागायला आली. चेटकिणी, सांगाडे, आणि एक डायनासोर, ज्याच्या आईने त्याला डायनासोरवरून विंटर जॅकेट घातलं होतं. अवंतिका डोक्यावर मांजराचे कान लावून दारात उभी राहून चॉकलेटं वाटत होती. पोरं ओसरल्यावर मी बाहेरचा दिवा मालवला, म्हणजे आता कुणी घंटा वाजवू नये. ती खाली जायला निघाली.

"थांब," मी म्हटलं. "आज रोझरीला बस माझ्याबरोबर. मी अर्धं म्हणेन, उरलेलं तू म्हण."

"मी? आणि अंकल?"

"त्याला आज विश्रांती."

"जास्त बरं नाही का?"

"आजपासून वाटेल बरं. तुला येतं ना पाठ?"

"येतं, पण मी तुमच्यातली नाही, चालेल ना?"

"मरियामातेला चालतं," मी म्हटलं. मी कुठे तिला विचारायला गेले होते, पण चालत असणार.

ती गालिच्यावर मांडी घालून बसली, मांजराचे कान काढायचे विसरून. मी मेणबत्ती लावली. रिक्लायनर रिकामा होता. मी 'नमो मरिये' सुरू केलं, माझा भाग म्हटला आणि थांबले. तेवढ्यात माझी हिंमत गेली. वाटलं, हिचा हात धरावा आणि म्हणावं, गप्प बस, एकदाच गप्प बस, आज कदाचित मला ऐकू येईल. हात मी उचललाही होता.

"पवित्र मरिये," अवंतिका म्हणाली.

आवाज तिचा, कोवळा, थोडा कराडकडचा. पण चाल त्याची होती. तो जिथे शब्द ओढायचा तिथे तिने ओढले, तो जिथे गडबडीने पुढे जायचा तिथे ती गेली. मरणाच्या वेळेशी आली, थांबली, आणि तिने अगदी मनापासून घसा खाकरला. तिला वाटलं, ते प्रार्थनेतच आहे. मग आमेन म्हणाली, लांब, बसमागे धावणारं. या माणसाला ती जन्मात भेटली नव्हती.

इतके दिवस जाळीला कान लावून मला जे मिळालं नाही ते समोर बसून मिळालं. मी रडायला लागले.

"चुकलं का काही, आंटी?"

"नाही गं. असंच म्हणायचं. पुढचा मणी."

मणी संपत गेले. एकही मणी मी जास्तीचा घेतला नाही. शेवटच्या आमेनला फर्नेस बंद झाला आणि घरात इतकी शांतता झाली की मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली. रिक्लायनरकडे बघायचं मी टाळलं.

"पिक्चर?" अवंतिकाने हळूच विचारलं.

"आज नको. जा, अभ्यास कर."

ती खाली गेली. मी टीव्ही लावला नाही. तशीच अंधारात बसून राहिले, आणि मग झोपायला गेले.

मृतांच्या दिवशी मी चर्चला जाऊन आले. मिसाच्या वेळी फादरनी गेलेल्यांची नावं घेतली, त्यात डेस्मंडचं होतं. मीच दिलं होतं. घरी येऊन त्याचे बूट खोक्यात भरले, डीनला फोन केला आणि म्हटलं, डॅडची गाडी घेऊन जा, तिला विंटर टायर्स लाव. घराचं स्प्रिंगमध्ये बघू. तो "ओके, मॉम" म्हणाला.

अवंतिकाला तोंडाने सांगायची माझी छाती होत नव्हती. म्हणून मी इंडियन ग्रोसरीत गेले. दिवाळीचे उरलेले कापडी झेंडूचे हार होते. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "पूजा है, आंटी?" मी म्हटलं, "हाँ बेटा, वैसा ही कुछ." सासूबाईंची मनात माफी मागितली आणि जिन्याशी जाऊन हार डेस्मंडच्या फोटोला घातला. शोभला त्याला.

संध्याकाळी ती चिवड्याचा डबा घेऊन वर आली. दोन पावलं पुढे गेली, मागे आली. हाराकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग खुर्चीकडे, मग जमिनीतल्या जाळीकडे. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"मी येण्याच्या आधी?"

"हो."

मला वाटलं होतं ती किंचाळेल, पळेल, निदान आजची रात्र तरी मैत्रिणीकडे काढीन म्हणेल. ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. डबा मांडीवर ठेवून म्हणाली, "मग आंटी, त्या दिवशी आपण दोघींनी रोझरी म्हटली, त्यानंतर तुम्ही पिक्चर लावला होता का?"

"नाही. का गं?"

"मी खाली जाऊन डोक्यावरचे ते कान काढत होते. व्हेंटमधून अंकलचा आवाज आला. प्रार्थना नव्हती. दमही लागलेला नव्हता, हसत होते. मला वाटलं तुम्ही दोघं माझ्याशिवाय पिक्चर बघताय आणि तो आता संपला. वाईट वाटलं मला थोडं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, चला, सुटला बिचारा."

मी आत जाऊन रिक्लायनरवरची घडी घातलेली चादर काढली आणि तिला हाक मारून म्हटलं, "ये, इथे बस. इथून टीव्ही नीट दिसतो."